दोघींचं नाटक

हीटरवर वाळणाऱ्या लोकरी हातमोज्यांचा वास आला, की मला दोन हजार तीनमधलं अमेरिकेतलं नेपरव्हिल आठवतं. नवरा ऑफिसला आणि मी डिपेंडंट व्हिसावर दिवसभर घरात. एका संध्याकाळी लायब्ररीत एका जपानी लेखकावर गप्पा होत्या, पण बर्फामुळे मी एकटीच पोचले. वयस्कर लायब्ररियन बाई म्हणाल्या, "कॅन्सल कशाला? त्याच्या कादंबऱ्या एकटीने वाचता येतात, नाटकाला दुसरं कुणीतरी लागतं." मग त्याचं दोन पात्रांचं एक नाटक आम्ही मोठ्याने वाचलं; त्या नवरा झाल्या, मी बायको. आठवडाभरात मी कुणाशी एवढं बोलले नव्हते. संपल्यावर त्यांनी विचारलं, "परत वाचूया?" माझ्यासाठी थांबल्या बिचाऱ्या, असं तेव्हा वाटलं.

आता माझ्याही घरी कुणी नसतं. त्या संध्याकाळी बाईंनी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नव्हतं.