पाण्यानं नेलेला कोळसा

ठक्... ठक्... ठक्. बॅरलवर, म्हणजे भोकातून वर काढलेल्या लोखंडी नळीवर, लाकडी हातोडी मारली की आत अडकलेला कोळशाचा गोल दांडा हळूच लाकडी पेटीत उतरायचा. आता पेणला, रामवाडीत घरी बसलोय, तरी तो आवाज कानात आहे. आम्ही पेण-रोह्याकडचे चौघे चंद्रपूरकडे ड्रिलिंग मशीनवर होतो. जमिनीखालच्या कोळशाचा नमुना काढणाऱ्यावर कोणाचाच विश्वास नसतो. म्हणून तर किस्से साचतात!

एक शेतकरी दिवसभर बाज टाकून आमच्यावर पहारा करायचा. ओल उडू नये म्हणून आम्ही कोळसा लगेच प्लास्टिकमध्ये गुंडाळून सील करायचो. तो म्हणाला, "सील कायले लावता? कोयसा काय पळून जाते?"

आमचे मास्तर, म्हणजे मशीन चालवणारे धर्मामास्तर, रोह्याजवळच्या निडीचे. एकदा त्यांनी घरी एक काळा तुकडा नेला. वहिनी म्हणाल्या, "आठ महिने भोकं पाडून एवढाच दगड? खरं सांगा, तिकडं दुसरं काय चाललंय?" आणि तुकडा चुलीत टाकला. पेटलाच नाय! तो कोळशाच्या वरचा काळा दगड होता. मास्तर दोन दिवस ओट्यावर जेवले!

मग नवे साहेब आले. कोळसा ठिसूळ, ड्रिलिंग करताना सोडलेल्या पाण्याचा जोर वाढला की भोकातच झिजून जातो. एका भोकात असा कमी निघाला.

"पाण्यानं नेला, साहेब," मास्तर म्हणाले.

"पाण्यानं नेला, की तुम्ही? पुन्हा कमी आला तर मास्तर, तुम्ही घरी."

पुढच्या भोकात वीतभर कमी आला. मास्तर पंपाकडे गेले होते. मी जुन्या भोकाच्या पेटीतला एक तुकडा काढला आणि रिकाम्या जागेत ठेवला. मास्तरांची नोकरी वाचावी, एवढंच मनात होतं.

साहेबांनी मोबाईलवर पेटीचा फोटो काढला. मग खाली बसून, मोडलेल्या भाकरीचे तुकडे जुळवावेत तसे दांडे एकमेकांना लावत गेले. तो तुकडा कुठेच बसेना.

"हा कोणी ठेवला?"

मास्तरांनी तुकड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी हातोडी पुसू लागलो.

"मी ठेवला," मास्तर म्हणाले.

साहेबांनी वहीत मास्तरांचं नाव लिहिलं. मास्तर पिशवी घेऊन निघाले, तेव्हा मी मागे धावलो. "मास्तर, थांबा! मी सांगतो साहेबांना."

त्यांनी डोक्यावरचं हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं, आणि रस्त्याकडे चालू लागले.