पालकाचा नंबर

शिरूरच्या एसटी स्टँडसमोर माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. अठरा पूर्ण झाल्यामुळे बालगृहातून बाहेर पडलेली एक मुलगी कॉलेजच्या शिष्यवृत्तीसाठी आली. तिनं अनाथ प्रमाणपत्र पुढं केलं, पण त्याचं एक टोक धरूनच ठेवलं. खोटी प्रमाणपत्रं मी बरीच पाहिलीत, म्हणून शिक्का उजेडात धरून बघितला. तीही माझ्याकडं तशीच बघत होती.

ओटीपी आला तसा तिनं मोबाईल छातीशी धरला. "कीबोर्ड इकडं द्या. मीच टाकते."

माझं डोकं तापलं. "मी काय चोर हाय का?"

"ते मला काय माहीत?" ती शांतपणे म्हणाली.

शेवटी पालकाच्या मोबाईल नंबरचा रकाना आला. तो भरल्याशिवाय फॉर्म पुढं सरकत नाही. अशा वेळी आम्ही दुकानदार सर्रास आपलाच नंबर टाकतो.

"माझा टाकू का?"

तिनं झेरॉक्स मशीनपासून शटरच्या कुलपापर्यंत सगळं दुकान निरखून पाहिलं.

"मामा, तुम्ही इथंच राहणार ना? दुकान कुठं हलवणार न्हाई ना?"

"न्हाई," मी म्हणालो आणि नंबर टाकला.

गाळा भाड्याचा आहे, हे मी तिला सांगितलं नाही.