वळसंगजवळ मोडलेला नवस

नवस बोललो तो बायकोला न विचारता. तिच्या मानेत गाठ आली होती, रिपोर्ट यायला आठ दिवस होते आणि ते आठ दिवस मला घरात बसवेना. लांब पल्ल्याचं धावणं मी बरीच वर्षं करतो. त्यामुळे सुचलं ते हेच, की घरून अक्कलकोटला धावत जायचं, स्वामींच्या पायांवर डोकं ठेवायचं आणि धावतच परतायचं. जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर, तेही निर्जळी. हा शुद्ध वेडेपणा आहे हे माझ्यातल्या धावणाऱ्याला कळत होतं, पण भक्ताने त्याचं काही चालू दिलं नाही. खरं सांगायचं तर देव ऐकेल याची खात्री नव्हती, म्हणूनच अट एवढी कडक ठेवली.

पहाटे निघालो. दर्शन नीट झालं. परतताना मात्र वळसंगजवळ पोटऱ्यांत गोळे आले, घाम यायचा थांबला आणि रस्ता डोळ्यांपुढे हलू लागला. बाभळीखाली बसलो, तो उठताच येईना. शेजारच्या रानात खुरपत असलेल्या एक आजी तांब्या घेऊन आल्या.

"ताक हाय, मीठ घातल्यालं. पी की."

"नको आजी, नवस आहे. पाणीसुद्धा चालत नाही."

"कुणासाठी रं?"

"बायकोसाठी. आजारी आहे."

"तिला इचारलंस का, आसं करू का म्हणून?"

मी खिशातून मोबाइल काढला. घरी फोन लावला. ऐकून बायको आधी रडली, मग नेहमीसारखी चिडली. "रिपोर्ट यायचा तसा येईल. तुम्हीच आला नाहीत तर तो आणायला मी कुणाबरोबर जाऊ?"

पहिला घोट घेताना मी घाबरलो होतो. दुसऱ्या घोटाला रडू फुटलं. आजींनी तांब्या रिकामा करवला, एसटीला हात केला आणि मला बसवून दिलं. त्यांचं नाव विचारायचंही राहिलं. ओळखीचे म्हणतात, स्वामींनीच त्यांना धाडलं. मला वाद घालायचा नाही, मी त्या आजींचा ऋणी आहे.

रिपोर्ट चांगला आला नाही. उपचार चालू आहेत. मी अजूनही धावतो, पण देवाला अटी घालत नाही. उपचाराच्या दिवशी दवाखान्यात तिच्याजवळ बसून राहतो. ऐंशी किलोमीटरपेक्षा ते अवघड आहे. दर थोड्या वेळाने बाहेर पळावंसं वाटतं. अशा वेळी तिचा हात धरतो आणि स्वामींना म्हणतो, तुम्ही ठरवाल ते होऊ द्या, फक्त मला इथून उठू देऊ नका.