गाडीमागचा पिंपळ

मुलुंडच्या शरयू सोसायटीत सुलक्षणा प्रधान आपल्या तळमजल्यावरच्या घरात बालवर्ग चालवतात. मुलांची दप्तरं आत आणि शाळा बाहेर, असा त्यांचा खाक्या. कारण दारासमोर आंबा होता. मोहोर आला की मुलं त्याखाली बसायची, बुंध्यावरच्या मुंग्यांमागे बोट फिरवायची, गळलेल्या बारक्या कैऱ्या खिशात कोंबायची. वसंत ऋतू शिकवायला बाईंना कधी तक्ता लागला नाही.

गेल्या वर्षी तो आंबा गेला. सेक्रेटरी चंद्रप्रकाश राऊत यांच्या नव्या गाडीवर चीक पडायचा, पाखरं घाण करायची. राऊतांनी फांद्या छाटायची परवानगी काढली आणि बालवर्गाला सुट्टी असताना झाड बुंध्यापासून उतरवलं. मोहोर भरात होता. जागेवर फरशा बसल्या, फरशांवर गाडी उभी राहिली. सुट्टी संपवून मुलं आली तेव्हा छोट्या इरावतीने विचारलं, "बाई, झाड कुठे गेलं?" बाईंनी गाडी पुसणाऱ्या राऊतांकडे बोट दाखवलं. राऊतांचं उत्तर तयार होतं.

"मोबाइलवर दाखवा ना त्यांना झाड. हल्ली सगळं मिळतं."

बाई हसल्या. ते वाक्य त्यांनी लोणच्यासारखं मुरत ठेवलं.

पावसाळा सरला आणि गाडीच्या मागे, भिंत आणि फरशी यांच्या फटीत, पिंपळाचं रोप दिसू लागलं. पिंपळ भिंत फोडतो हे ठाऊक असल्याने एरवी बाईंनीच ते उपटलं असतं. आता त्या रोज त्याला तांब्याभर पाणी घालू लागल्या. देवधर्माशी त्यांचं फारसं सख्य नाही. पण राऊतांच्या आई जानकीबाई दर शनिवारी गुडघे धरत लांबच्या देवळातल्या पिंपळाला प्रदक्षिणा घालायला जातात, हे त्या पक्कं जाणून होत्या. रोप बोटभर उंचीचं झालं, मग वीतभर झालं. बाई वाट बघत राहिल्या.

चैत्रात त्याला तांबूस, तुकतुकीत पालवी फुटली. त्या सकाळी बाईंनी मुलांना गाडीमागे नेऊन बसवलं.

"हात लावा, पण हळू."

"बाई, पानं कोणी रंगवली?" निहारने विचारलं.

"कोणी नाही रे. नवी आहेत ना, म्हणून लाल. हळूहळू हिरवी होतील."

मुलांनी वेचून आणलेली फुलं रोपापाशी ठेवली. बाईंनी पदराआडून करंडा काढला, मुळाशी एक दगड मांडला आणि त्याला हळदकुंकू वाहिलं. मग वर बघून हाक दिली, "जानकीमावशी, जरा खाली या. गंमत दाखवते."

जानकीबाई आल्या, बघितलं आणि त्यांचे हात आपोआप जोडले गेले. "अगं बाई, माझ्या दारातच आला की गं!"

संध्याकाळी राऊत बाईंच्या दाराशी उभे. "बाई, तुम्ही शिकलेल्या. हे काय चालवलंय?"

"वसंत ऋतू. पोरांना पालवी दाखवतेय."

"भिंतीची वाट लागेल. काढा ते."

"मी? छे हो. कुंकू लागलंय त्याला. तुम्हीच काढा. आंबा कसा, एका सुट्टीत उडवलात."

राऊत ओठ चावत रोपाकडे वळले, वाकले. तेवढ्यात वरच्या गॅलरीतून आईचा आवाज आला.

"चंदू, हात लावशील तर बघ. आणि गाडीचा धूर लागतोय त्याला. बाहेर ने ती."

"बाहेर कुठे, आई?"

"रस्त्यावर. लोक लावत नाहीत का?"

राऊतांनी बाईंकडे पाहिलं. बाई दाराची कडी पुसत होत्या. मग गाडी फाटकाबाहेर गेली, बदामाच्या झाडाखाली, तिथेच काय ती जागा होती. त्या बदामावर सगळ्या गल्लीतले कावळे झोपायला येतात. बाईंना हेही ठाऊक होतं.

सोमवारी मुलांची रांग फाटकाशी थबकली.

"बाई, काकांची गाडी बघा," इरावती नाक दाबून म्हणाली. "शी."

"हो गं," बाई म्हणाल्या. त्यांनी फाटकाच्या आत, भिंतीच्या सावलीत सतरंजी अंथरली, मुलांना गाडीकडे तोंड करून बसवलं आणि वर बदामाकडे बोट दाखवलं. "आज आपण पाखरं शिकू या."