न्हाणीतली पुटपुट

माझ्या तान्ह्या नातीला न्हाऊ घालायला एक बाई येतात. बाळाला पायांवर घेऊन पाणी ओतताना त्या सतत काहीतरी पुटपुटतात. मला वाटायचं, स्तोत्र असेल.

माझ्याकडे काम एकच, पाणी आणून देणं. तेही बायकोने नाइलाजाने दिलेलं. आज बाईंनी बादलीत कोपर बुडवलं, झटकन काढलं आणि मुकाट्याने थंड पाणी मिसळून पुन्हा कोपर बुडवून पाहिलं.

बायकोने बाहेरून विचारलं, "पाणी बरा आसा मा?"

"बरा आसा!" बाई ओरडल्या.

मग पुटपुट सुरू झाली. टॉवेल धरून मी कान पुढे केला.

"बाय, आजोबान पाणी कढत हाडल्यान. आजयेक सांगू नको हां, बिचाऱ्याचा काम जातला."

नातीने जांभई दिली. सांगणार नाही, असं धरून चाललोय.