आवाज गेल्याचं पत्रक

मला अक्षरं माझ्या वडिलांनी, आबांनी, संपाच्या पत्रकांवरून शिकवली. पाचोऱ्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये ते कामाला होते आणि गेटवर घोषणा तेच देत. संपाच्या त्या आठवड्यात त्यांची खालची दाढ ठणकत होती. दाढेखाली तंबाखू दाबून त्यांनी दोन दिवस घोषणा दिल्या. तिसऱ्या दिवशी आवाज गेला, हनुवटीखाली सूज आली.

"घसा बसला," आई म्हणाली आणि ज्येष्ठमध शोधू लागली.

शेजारचे नाना सगळा घसा संपवल्याची थट्टा करत हसले. "आबा, बठ्ठा घसा दोन दिनमा वापरी टाका का?"

मला मात्र अभिमान वाटला. मी लगेच पत्रक लिहिलं, 'कामगारांसाठी आवाज गमावलेला माणूस.' संध्याकाळपर्यंत ते वाटूनही झालं.

आबा रात्रभर भिंतीला टेकून बसून राहिले. सकाळी मी त्यांना म्हटलं, "बोलू नका, नुसते गेटवर उभे राहा. लोकांना बळ येतं." ते उभे राहिले. मान वर ताणलेली, तोंडाशी टॉवेल. लाळ थांबत नव्हती.

जिनिंगमधल्या फिटरचाचांनी टॉवेल बाजूला केला, हनुवटीखाली दाबून पाहिलं. "बेटी, घसा बसलेला माणूस पाणी तरी गिळतो. यांना थुंकी गिळवत नाही. आणि हे लाकडासारखं घट्ट लागतंय. गाडी बघ."

जळगावच्या वाटेवर जीपमध्ये मी आबांचं डोकं मांडीवर घेऊ लागले. त्यांनी मला ढकललं आणि ताडकन उठून बसले. आडवं झालं की श्वास अडत होता. मला ते त्यांनी ढकलल्यावर कळलं.

डॉक्टरांनी तोंडात पाहिलं. जीभ टाळूला टेकली होती.

"दाढ कधीपासून दुखतेय?"

मला सांगता येईना. संपाचा कितवा दिवस ते तोंडपाठ होतं.

दाढेतला पू जिभेखाली उतरून श्वासाची वाट दाबत होता. गळ्याला छेद देऊन नळी घातली, पू काढला, दाढही काढली. आबा वाचले.

चार दिवसांनी, नळी असतानाच, त्यांनी माझ्या पिशवीतलं पत्रक ओढून घेतलं. माझी पत्रकं नेहमी तेच तपासत, हे तेवढं राहिलं होतं. त्यांनी पेन्सिल मागितली, 'कामगारांसाठी' खोडलं आणि वर लिहिलं, 'दाढेमुळे'. मग हातानं विचारलं, वाटलं का?

मी होकारार्थी मान हलवली.

त्यांनी खोडलेलं पत्रक आणि पेन्सिल मला परत दिली आणि डोळे मिटले.