गयाबाई आणि आम्ही चौघी

दारव्ह्याहून फोन आला तेव्हा मी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. पलीकडून गयाबाईचा नातू बोलत होता. "काकू, आजी गेली. सकाळी चहा घेऊन गेलो, तं उठलीच नाही. मातीले येता का?" मी हो म्हटलं आणि शेंगांचं सूप तसंच ठेवून उठले. बसमधून विमलला फोन लावला. विमल माझी शाळेतली मैत्रीण, आता लेकीकडे नागपूरला असते. बातमी ऐकून ती म्हणाली, "आता आपल्याले पोरीहो म्हणणारं कोणी राह्यलं नाही गं..."

त्याला आता दीड महिना झाला. गयाबाईचं वय नव्वदीच्या पुढे असावं. नेमकं तिलाही ठाऊक नव्हतं. आमच्या दारव्ह्याच्या हायस्कुलात ती कामाला लागली तेव्हा तिशीच्या आतबाहेर असेल. शाळा तशी नवी होती. लांबलचक कौलारू इमारत, मागे निंबाची झाडं, आणि वर्गात चाळीस मुलांमागे चार-पाच मुली. मुली आठवीच्या पुढे टिकत नाहीत म्हणून हेडमास्तर मुळावकर सरांनी त्यांना घरून शाळेत आणायला आणि परत पोचवायला एक बाई ठेवली, ती गयाबाई. बाकीच्या वेळात ती वर्ग झाडायची, मुलींच्या खोलीबाहेर ओट्यावर बसायची आणि आतलं शिकवणं कान देऊन ऐकायची. अक्षर एक येत नव्हतं, पण कोणाचा तास रंगला आणि कोणाचा पडला हे तिला बरोबर कळे.

आम्हाला गणित शिकवायला चिंचोळकर सर होते. काळी टोपी, त्या टोपीवर खडूचा पांढरा थर, आणि स्वभाव इतका भिडस्त की मुलींकडे बघून त्यांना बोलताच यायचं नाही. ज्या बाजूला आम्ही बसायचो तिथल्या खिडकीकडे बघून ते सगळी गणितं सोडवत. एकदा तास संपवून ते बाहेर पडले तेव्हा गयाबाई झाडू टेकवून उभी होती. म्हणाली, "सर, खिडकीले समजलं. पोरीइले काही समजलं नाही." चिंचोळकर सर लाजून लालेलाल झाले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची ओढून आमच्या बाकाजवळ घेतली आणि वहीवर बोट ठेवून तेच गणित पुन्हा समजावलं. मुळावकर सरांचा शाळेत दरारा होता, त्यांच्या छत्रीचा आवाज आला तरी मुलं उभी राहायची. तेही गयाबाईला मात्र कधी एकेरी हाक मारत नसत. "गयाबाई, जरा या," असं म्हणत. गावात तिला असं बोलावणारं दुसरं कोणी नव्हतं.

छप्पन साली दीक्षेनंतर तिच्या घरानं बौद्ध धम्म घेतला होता. घरातले देव तिनं स्वतः नेऊन नदीत सोडले, असं ती सांगे. शाळेतल्या पाण्याच्या माठांना मात्र तिचा हात लागत नव्हता. ते किसन शिपाई भरायचा, आणि गयाबाईला तहान लागली तर तो वरून तिच्या ओंजळीत पाणी ओतायचा. आम्ही रोज हे पाहत होतो. मला त्यात कधी काही खटकलं नाही. हे आज लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे.

आम्ही चौघी मॅट्रिकपर्यंत पोचलो. मी, विमल, सुशीला आणि शालिनी. शाळेतून मॅट्रिकला बसणाऱ्या आम्ही पहिल्याच मुली. परीक्षेचं केंद्र यवतमाळला, म्हणजे दहा-बारा दिवसांचा मुक्काम. चारही घरांतून एकच उत्तर आलं, पोरी बाहेरगावी राहणार नाहीत. मुळावकर सर छत्री घेऊन चारही घरी जाऊन आले, चहा पिऊन परत आले, काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी गयाबाई निघाली. आमच्या अंगणात ती उभी राहिली ते मला स्वच्छ आठवतं. माझे वडील ओसरीवर बसले होते.

"पाटील, मी जातो पोरीइच्या संगं," ती म्हणाली. "जशी नेतो तशी आणून देतो. रोज घरी आणून सोडतोच ना मी? ते यवतमाळ म्हंजे जरा लांबचं घर समजा."

वडील हसले. तिच्याविषयी त्यांची काही तक्रार नव्हतीच. मुळावकर सरांनी एक कागद लिहिला होता, चौघींची जबाबदारी गयाबाईवर आहे असा, आणि त्यावर तिचा अंगठा घेतला होता. तो कागद बघून वडिलांनी होकार दिला. स्वयंपाकघरात आईनं मात्र मला जवळ घेऊन हळूच सांगितलं, "तिच्या हातचं खायचं नाही. पाणीही नाही." आणि दशम्या, चिवडा, तिखटाच्या पुऱ्या असं दहा दिवसांचं डब्यात भरून दिलं.

लहान रुळांच्या गाडीनं आम्ही यवतमाळला गेलो. मुळावकर सरांच्या ओळखीच्या घरामागे दोन खोल्या मिळाल्या होत्या. गयाबाई अंगणात तीन दगड मांडून स्वयंपाक करायची. पहिल्या दिवशी आम्ही चौघीही आपापल्या डब्यातलं खाल्लं. दुसऱ्या दिवशी पिठल्याचा वास आला आणि विमल ताटली घेऊन सरळ तिच्या पुढ्यात जाऊन बसली. मग सुशीला, मग शालिनी. मी आत बसून कडक झालेली दशमी चावत राहिले. गयाबाईनं मला एकदाही बोलावलं नाही. संध्याकाळी मात्र पाहिलं तर ती माझी कळशी न शिवता बाजूला उभी होती आणि घरमालकिणीला सांगत होती, "बाई, एवढी त्या पोरीची कळशी भरून द्या जी. अभ्यास करून राह्यली." मला बघून म्हणाली, "तुह्या मायनं सांगतलं असन. राहू दे. पोटभर खाय अन् वाच."

तिच्या स्वरात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, असं नंतर कितीदा वाटलं.

गणिताच्या शेवटच्या पेपरच्या आदल्या दिवशी दुपारी विमलचे वडील आले. त्यांचं दारव्ह्याला कापडाचं दुकान होतं. वणीचे पाहुणे उद्याच विमलला बघायला येणार होते, आणि ते तिला न्यायला आले होते. विमल आत होती. वडिलांचा आवाज ऐकताच तिनं वही छातीशी धरली आणि भिंतीला टेकून रडू लागली. गयाबाई भांडी घासत होती. तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि येऊन आमच्या खोलीच्या पायरीवर बसली. दार अरुंद होतं. ती बसली की कोणाला आत जायला जागा उरत नव्हती.

"भाऊ, उद्या पेपर हाय. परवा न्या," ती म्हणाली.

"पाहुणे उद्या येऊन राह्यले. बाजूले हो."

"मी चार पोरी आणल्या. चार घेऊन जाईन. तीन नाही नेणार. हेडमास्तरच्या कागदावर माहा अंगठा हाय."

"माही पोरगी हाय! तू कोण मले अडवणारी? आपली पायरी पाहून बोल."

"पायरीवरच बसली हाय मी, भाऊ," गयाबाई म्हणाली. "आत जायचं असन तं माह्या अंगावरून जा लागन तुमाले."

ते दोन पावलं पुढे आले आणि थांबले. तिला धक्का लागल्याशिवाय आत जाता येणार नव्हतं, आणि तिला शिवायची त्यांची तयारी नव्हती. आम्ही आतून बघत होतो. तेव्हा मला वाटलं, ते तिच्या धिटाईला घाबरले. ते का थांबले हे मला फार उशिरा, लग्नानंतर कधीतरी, भाजी चिरताना अचानक समजलं. ज्या गोष्टीमुळे लोक तिला दूर ठेवत, तीच घेऊन ती दारात बसली होती, आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं.

विमलचे वडील अंगणात निंबाखाली जाऊन बसले. गयाबाई उठली नाही. तास-दीड तास असाच गेला. मग फाटकातून चिंचोळकर सर आत आले. शेवटची दोन प्रमेयं समजावायला ते आपणहून दुपारच्या गाडीनं आले होते. काय झालं ते त्यांनी गयाबाईकडून ऐकलं, आणि हा भिडस्त माणूस सरळ विमलच्या वडिलांसमोर जाऊन उभा राहिला. आवाज कापत होता, पण नजर खिडकीकडे नव्हती. "तुमची मुलगी गणितात माझ्या सगळ्या मुलांच्या पुढे आहे," ते म्हणाले. "पाहुण्यांना मी स्वतः चिठ्ठी लिहितो. शिकलेली मुलगी आहे, दोन दिवस थांबा, असं लिहितो. ते नाही म्हणाले तर मला दोष द्या." वडिलांनी चिठ्ठी घेतली. संध्याकाळच्या गाडीनं ते एकटेच परत गेले.

त्या संध्याकाळी मी ताटली घेऊन चुलीजवळ गेले. "गयाबाई, मले दे."

तिनं वर पाहिलं. "दशम्या संपल्या का?"

"नाही."

"मायले काय सांगशीन?"

"सांगन तुह्या हातचं खाल्लं म्हणून."

तिनं ज्वारीची भाकर मोडून माझ्या ताटलीत ठेवली, वर तुरीच्या डाळीचं वरण. मी खाल्लं. पण आईला मी ते कधीच सांगितलं नाही. आई चाळीस वर्षांनी गेली, तोवर धीर झाला नाही. गयाबाईनंही कधी विचारलं नाही. विमलला मी एकदा हे सांगितलं, तर म्हणाली, "तिले माहीत होतं तू नाही सांगणार. तरी तिनं वाढलं."

निकाल लागला. तिघी पास झालो, शालिनी इंग्रजीत राहिली. चिंचोळकर सर शाळेत पेढे वाटत होते, तर गयाबाई शालिनीच्या घरी जाऊन बसली होती. ऑक्टोबरच्या परीक्षेत तीही सुटली. वणीच्या पाहुण्यांनी होकार कळवला, पण विमल अडून बसली आणि आधी मास्तरीण झाली. पुढे वणीलाच तीस वर्षं शिकवलं तिनं. गयाबाईनं आपली लेक त्याच हायस्कुलात घातली आणि तिला नर्स केलं. ती स्वतः शेवटपर्यंत अंगठाच लावत होती. म्हणे, "माह्या अंगठ्यानं चार पोरी मॅट्रिक झाल्या. आता सही कायले शिकू?"

अलीकडे मी वर्षातून दोन-तीनदा तिला भेटायला जायची. तिला कमी दिसायचं, हात लावून ओळखायची. निघताना दर वेळी बजावायची, घरी पोचली की सांग म्हणून. मी आता यवतमाळलाच राहते. घराचं कुलूप काढायच्या आधी मी फोन करायची, आणि ती सुनेच्या हातातून फोन ओढून घेऊन विचारायची, "आत गेली ना?" आत जाऊन दार लावल्याचं ऐकलं की मगच फोन ठेवायची.

त्या दिवशी मातीहून परतले. ऊन कलत आलं होतं. दारात उभी राहिले आणि किल्ली काढायच्या आधी हात आपसूक फोनकडे गेला. सुनेनं उचलला. मी म्हटलं, "पोचली."

"बरं झालं सांगतलं," ती म्हणाली. "आम्ही वाटच पाहून राह्यलो होतो. आत गेल्या ना?"